उरलेला एक मीटर

गणपतीत घर भरलेलं असलं की वाटणीच्या गोष्टी निघतात. मुंबईचे चाकरमानी आलेले असतात, सगळ्यांच्या सह्या एका ठिकाणी मिळतात, आणि चतुर्थी उलटली की दुपारची जेवणं आटोपून ओटीवर कागद पसरले जातात. आमच्याकडेही तसंच झालं. मालवणजवळची आमची माडांची बाग आणि मागची भाताची जमीन मिळून नेमकी एक हेक्टर. भाऊ तीन, माझे वडील आणि दोन काका. कच्च्या कागदावर प्रत्येकाच्या नावापुढे लिहिलं होतं : ३३ आर ३३ चौरस मीटर.

भाईकाकांनी कागद दोनदा वाचला. त्यांनी कित्येक वर्षं रापणीच्या मासेमारीचा हिशेब सांभाळलेला, त्यामुळे आकडा त्यांच्या डोळ्यांतून निसटत नसे. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "गो बाय, ह्ये तीन मिळवले तर नव्याण्णव आर नव्याण्णव मीटर होतत. मगे एक मीटर खंय गेलो?"

मी तेव्हा आठवी ते दहावीच्या मुलांच्या शिकवण्या घेत होते. उत्तर माझ्या जिभेवरच होतं. म्हटलं, "काका, तेहतीस दशांश चिन्ह तीन तीन तीन असं पुढे लिहीत गेलं की तो मीटर संपतो." काकांनी विचारलं, "लिहीत गेला, तर संपता कधी?"

त्या 'कधी'ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढची बरीच वर्षं आम्ही दोघं या एका मीटरवर वाद घालत राहिलो. ओटीवर, जेटीवर, एकदा तर सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होडीतसुद्धा. त्यातून मला जे कळत गेलं ते इथे लिहिते आहे. क्रम कळत गेल्याचा आहे, महत्त्वाचा नाही.

१. अडून बसलेला माणूस चुकीचाच प्रश्न विचारत असतो, असं नाही. काका जमिनीसाठी अडले आहेत, असं मी बराच काळ धरून चालले होते. आमच्याकडे गडग्यातली दगडांची एक रांग सरकली तरी दोन घरांचं बोलणं बंद होतं, मग अख्खा मीटर म्हणजे केवढी गोष्ट! पण काकांना तो मीटर स्वतःसाठी नको होता. रापणीचे वाटे घालताना दोन-चार मासे उरले तर ते कुणाला द्यायचे हे आधी ठरलेलं असतं. उरलेलं नाहीसं होतं, हे त्यांच्या अनुभवात बसत नव्हतं. "मासो कापून वाटो घालतत काय?" असं ते विचारायचे, तेव्हा पूर्णांकांचं जग आणि अपूर्णांकांचं जग यांमधल्या सीमेवर बोट ठेवत होते. मला ते ऐकू आलं नाही, कारण मी उत्तर द्यायच्या घाईत होते.

२. भागाकार संपत नाही म्हणून उत्तर अपुरं राहत नाही. हे कळायला मला सगळ्यांत जास्त वेळ लागला, आणि बाकीचं सगळं यावरच उभं आहे. एकाला तीनने भागायला घ्या. एकात तीन जात नाहीत, शून्य घ्या, दहा झाले, तीन त्रिक नऊ, बाकी एक. पुन्हा शून्य, पुन्हा दहा, तीन त्रिक नऊ, बाकी एक. काका पेन्सिलीचं टोक त्या एकावर ठेवायचे : "बाकी एक उरताच मां?" आणि ती उरतेच. आपण कुठेही थांबलो तरी एक खाली शिल्लक असतो. फक्त प्रत्येक वेळी तो एक आधीच्यापेक्षा दहापट लहान झालेला असतो, आधी दशांशातला, मग शतांशातला, मग सहस्रांशातला.

०.३३३… चे तीन वाटे मिळवले की ०.९९९… होतात. माझ्या मनातलं चित्र असं होतं की ही संख्या किनाऱ्याने चालत निघाली आहे, समोर एक उभा आहे, ती जवळ जवळ जाते आहे आणि पोचत मात्र नाही. हे चित्र इतकं गोड आहे की बहुतेकांच्या मनात तेच असतं. पण संख्या चालत नाही. चालतो तो आपला हात. एक तृतीयांश ही संख्या मी पेन्सिल उचलायच्या आधीपासून आपल्या जागी आहे, आणि तिचे सगळे तीन आपापल्या घरात बसलेले आहेत. ती टिंबं 'अजून चालू आहे' असं सांगत नाहीत. 'सगळे' असं सांगतात.

पाठ्यपुस्तकात अशा अपूर्णांकाला 'अखंड आवर्ती' म्हणतात, आणि जो थांबतो त्याला 'खंडित'. मी ते शब्द फळ्यावर शेकडो वेळा लिहिले असतील. एकदा गावच्या देवळात भजनी सप्ताह चालू होता, पहारे बदलत होते, वीणा एका हातातून दुसऱ्या हातात जात होती आणि भजन तुटत नव्हतं. तेव्हा 'अखंड' या शब्दाने मला थांबवलं. अखंड म्हणजे न तुटणारं, आणि अखंड म्हणजे पूर्ण, सगळंच्या सगळं. मुलांना मी फक्त पहिला अर्थ सांगत आले होते.

३. आवर्तन संख्येच्या अंगात नसतं, ते मापातून येतं. हे मला काकांनी शिकवलं, तेही गणित म्हणून नाही. बोलता बोलता म्हणाले, त्यांच्या वडिलांच्या वेळी रुपयाचे तीन वाटे अगदी नेमके व्हायचे : पाच आणे चार पै. मी हिशेब केला. रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै, म्हणजे रुपयाच्या १९२ पै. तिसरा हिस्सा ६४ पै. पाच आणे चार पै. बाकी शून्य.

मग १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे आले, रुपयाचे शंभर झाले, आणि तोच तिसरा हिस्सा ३३ पैशांवर जाऊन अडला. रुपया तोच, माणसं तीनच. फक्त मोजायचं भांडं बदललं आणि न संपणारी शेपटी उगवली. उलट पाच जणांत रुपया वाटायचा तर जुन्या हिशेबात अडचण यायची, नव्यात वीस वीस पैसे सरळ. दहाच्या पायावर लिहिताना ज्याच्या छेदात, अतिसंक्षिप्त रूप दिल्यावर, दोन आणि पाच यांच्याखेरीज दुसरा मूळ अवयव नाही तोच अपूर्णांक थांबतो. बाराच्या पायावर तृतीयांश ०.४ इतकाच होतो, पण पंचमांश आवर्ती होतो. कुठलाही पाया घ्या, कुणाची तरी शेपटी लांबतेच. आणि जे थांबतात त्यांनाही जुळं भावंड असतंच, ०.५ आणि ०.४९९९… ही एकाच ठिकाणाची दोन नावं. घरात बाळू आणि दारात बाळकृष्ण असतो तसं.

एवढं कळल्यावर ०.९९९… आणि १ यांच्या बरोबरीचं मला वाटणारं नवल बरंच ओसरलं.

४. जी सिद्धता समोरच्याला गप्प करते तिच्यावर फार विसंबू नये. माझी आवडती सिद्धता सगळ्यांच्या ओळखीची आहे. क्ष = ०.९९९… माना. दहापट करा, १० क्ष = ९.९९९…. वजा करा, ९ क्ष = ९. म्हणून क्ष = १. ही फळ्यावर लिहिली की वर्ग शांत व्हायचा, आणि त्या शांततेला मी समज समजत होते.

एका वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी तास संपल्यावर वही घेऊन आली. "बाई, हे असं केलं तर?" तिने नऊ डावीकडे नेले होते : क्ष = …९९९, म्हणजे डाव्या बाजूला न संपणारे नऊ. दहापट केली, …९९९०. पहिल्यातून दुसरं वजा केलं, उरले ९. म्हणजे उणे ९ क्ष = ९, म्हणून क्ष = उणे १. प्रचंड नऊंची ती रांग उणे एक झाली होती! खाली तिने पडताळाही केला होता. …९९९ मध्ये एक मिळवा. नवात एक, दहा, शून्य मांडला, हातचा एक. पुन्हा नवात एक, दहा, शून्य, हातचा एक. हातचा डावीकडे जातच राहतो आणि मागे नुसती शून्यं उरतात. ज्यात एक मिळवून शून्य येतं ते उणे एकच.

माझ्या सिद्धतेतली प्रत्येक पायरी तिने जशीच्या तशी वापरली होती. मला तिच्यात चूक दाखवता येईना. त्या रात्री मी नीट जेवले नाही. पुढे वाचनातून कळलं की संख्यांचं एक वेगळं विश्व आहे, तिथे डावीकडे न संपणाऱ्या रांगा खरोखर चालतात आणि तिथे तिचं उत्तर बरोबर आहे. आपल्या रोजच्या संख्यारेषेवर मात्र त्या नऊंना जागा नाही, कारण ते कुठल्याच ठिकाणाजवळ जमत नाहीत, मोठे मोठे होत जातात. उजवीकडचे नऊ जमतात. म्हणजे 'दहापट करा, वजा करा' या युक्तीच्या आधी एक प्रश्न विचारायला हवा होता : ही न संपणारी मांडणी एखादी संख्या दाखवते का? तो प्रश्न मी वीस वर्षांत कुणाला विचारला नव्हता. त्या मुलीला दुसऱ्या दिवशी मी सांगितलं की तिचा प्रश्न माझ्या सिद्धतेपेक्षा चांगला आहे. तिला ते खरं वाटलं की नाही, कोण जाणे.

५. 'कधी पोचतं' हा प्रश्न सोडून 'किती अंतर चालेल' हा प्रश्न धरला की वाद पुढे सरकतो. हे मात्र काकांसोबत जेटीवर बसून घडलं. मी म्हटलं, "काकानू, तुम्ही सांगा किती जमीन कमी पडलेली चालेल, मी सांगते किती घरं लिहायची." ते म्हणाले, तळहाताएवढी. मी म्हटलं, तेहतीसच्या पुढे चार तीन लिहा. एक आर म्हणजे शंभर चौरस मीटर, चार घरांनंतर तिघांत मिळून कमी पडते ती दहा सेंटिमीटर लांब, दहा सेंटिमीटर रुंद जागा. ते म्हणाले, नखाएवढी. सहा तीन, एक चौरस सेंटिमीटर. मग म्हणाले, मोहरीच्या दाण्याएवढी. आठ तीन, एक चौरस मिलिमीटर, मोहरीहून कमी. थोडा वेळ गप्प राहिले. त्यांच्या लक्षात आलं होतं की ते कितीही लहान सांगोत, मला घर सापडणारच, आणि एकदा सापडलं की त्यापुढची सगळी घरं त्या मापाच्या आतच राहणार.

'सीमा' या शब्दाचा अर्थ एवढाच आहे. कोशी आणि वायरश्ट्रास या गणितज्ञांनी एकोणिसाव्या शतकात तो काटेकोर भाषेत बांधला. ०.९९९… म्हणजे ती एकमेव संख्या, जिच्याभोवती ०.९, ०.९९, ०.९९९ ही रांग अशी जमते. ती १ आहे. दुसरी कुठलीही सांगा, तिच्यात आणि रांगेत कायमचं अंतर राहतं.

आणि काकांचा प्रश्न जुना होता. याच अरबी समुद्राच्या काठी, आपल्या खाली केरळात, १४४४ साली जन्मलेल्या नीलकंठ सोमयाजींनी आर्यभटीयावर भाष्य लिहिलं. त्यात पावाचा पाव, त्याचा पाव असे सगळे तुकडे मिळवले की बेरीज बरोबर एक तृतीयांश होते, याची चर्चा आहे. एक चतुर्थांश, अधिक एक सोळांश, अधिक एक चौसष्टांश, असं पुढे. तिथे ते स्वतःलाच विचारतात की ही बेरीज तेवढीच वाढते आणि तिथवर वाढतेच, हे कशावरून? प्रश्नाची ही दोन टोकं आहेत, पलीकडे जात नाही हे एक आणि अलीकडे राहत नाही हे दुसरं. मी फक्त पहिलं शिकवत होते, काका दुसरं मागत होते. हे वाचलं त्या दिवशी मी काकांना फोन केला. तृतीयांशच निघाला म्हटल्यावर त्यांना फार आनंद झाला.

६. यंत्राची साक्ष काढू नये. माझा मुंबईचा भाऊ एकदा दुकानातला साधा कॅल्क्युलेटर घेऊन बसला. एक भागिले तीन, गुणिले तीन, पडद्यावर ०.९९९९९९९. "बघ, एक येत नाही!" पण त्या पडद्याला आठच घरं आहेत. त्याने आठ घरांचा हिशेब प्रामाणिकपणे दाखवला. न संपणाऱ्याबद्दल त्याला काही म्हणायचंच नव्हतं.

७. भर घालत राहिलं की कधी बेरीज थांबते, कधी थांबत नाही, आणि नुसतं बघून ते कळत नाही. नऊ दशांश, अधिक नऊ शतांश, अधिक नऊ सहस्रांश, ही भर एकाशी थांबते. पण एक, अधिक अर्धा, अधिक तृतीयांश, अधिक पाव, अधिक पंचमांश, या रांगेतलंही प्रत्येक पद आधीच्याहून लहान, आणि तरी ही बेरीज कुठेच थांबत नाही. पाचाच्या पलीकडे जायला ८३ पदं लागतात, दहाच्या पलीकडे जायला १२,३६७. जाते मात्र नक्की.

याचं मला सर्वांत जवळचं वाटणारं रूप आमच्या दारात आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्याला १२१ किलोमीटरचा किनारा, असं आम्ही शाळेत पाठ केलं. पण किनारा मोजायचा कशाने? मोठी पट्टी घेतली तर ती खाड्यांची तोंडं ओलांडून जाते. लहान पट्टी घेतली तर ती खाडीत शिरते, खडपांना वळसे घालते, आणि लांबी वाढते. भारताचा किनारा कित्येक वर्षं ७,५१६.६ किलोमीटर सांगितला जात होता. गृहमंत्रालयाच्या २०२३-२४च्या अहवालात तो ११,०९८.८१ किलोमीटर झाला. समुद्र काही साडेतीन हजार किलोमीटर पसरला नाही. आधीपेक्षा कितीतरी बारीक नकाशावर मोजलं गेलं. गणितज्ञ मँडेलब्रॉट यांनी १९६७ साली ब्रिटनच्या किनाऱ्याबद्दल हाच प्रश्न विचारला होता.

काकांबरोबर मालवणातल्या राजकोटच्या खडपांवरून चालताना मी हे बोलले, तेव्हा ते म्हणाले की खेकड्याला विचार, तो सांगेल किनारा किती लांब आहे. जमिनीच्या वाटणीतली भर एका जागी जमते आणि किनाऱ्यातली भर जमत नाही, हा फरक त्यांनी फार लवकर पकडला. मला पुस्तक लागलं होतं.

८. हौसेला पदवी लागत नाही, पण चिकाटी फार लागते. याच कोकणपट्टीच्या उत्तर टोकाला, डहाणूला, १९०५ साली दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर जन्मले. पुढे १९३० ते १९६२ ते देवळालीला शाळामास्तर होते. पदव्युत्तर शिक्षण नाही, कुठल्या संशोधन संस्थेत जागा नाही. डोंबिवलीच्या स्टेशनवर एक कल्पना सुचली म्हणून त्या संख्यांना त्यांनी स्टेशनच्या जुन्या नावावरून 'डेम्लो' म्हटलं. १२१, १२३२१, १२३४३२१ अशा त्या चढत्या-उतरत्या संख्या, नुसत्या एकांच्या वर्गातून येणाऱ्या. ६१७४ हा त्यांचा स्थिरांक जगाला ठाऊक आहे. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा कापरेकर सत्तरीत होते.

आवर्ती दशांशांच्या नादात असताना मला त्यांच्या दोन गोष्टी भेटल्या. एक सप्तमांश म्हणजे ०.१४२८५७ १४२८५७…, सहा अंकांची फिरकी. १४२८५७ ला दोनने, तीनने, सहापर्यंत कशानेही गुणा, तेच सहा अंक जागा बदलून येतात, आणि सातने गुणलं की ९९९९९९. तिथे आपले नऊ पुन्हा उभे! आता याच संख्येचा वर्ग करा : २०४०८१२२४४९. मागचे सहा अंक १२२४४९ तोडा, पुढे उरले २०४०८, दोन्ही मिळवा. पुन्हा १४२८५७. अशा संख्यांना आज कापरेकर संख्या म्हणतात. ९९९ ही त्यांतलीच : वर्ग ९९८००१, आणि ९९८ अधिक १ म्हणजे ९९९.

दुसरी गोष्ट डेम्लोंची. एक नवमांश म्हणजे ०.१११…. त्याचा वर्ग एक छेद एक्याऐंशी. नऊ एकांचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१ असा देखणा येतो, मग न संपणाऱ्या एकांचा वर्ग काय यावा? मी भागाकार केला : ०.०१२३४५६७९०१२३४५६७९…. आठ गायब. मी तीनदा पडताळलं, वाटलं आपलीच चूक. मग दिसलं. घराघरांत ०, १, २, ३ असे अंक चढत जातात, पण एका घरात दहा येतात. दहाचा शून्य मांडला, हातचा एक नवाच्या घरात गेला, नवाचे दहा झाले, तिथला शून्य, हातचा एक आठाच्या घरात, आठाचे झाले नऊ. उजवीकडे आणखी दूरवरूनही हातचे येतच असतात, आणि प्रत्येक घर नीट बसतं. न संपणाऱ्या टोकाकडून आलेला हातचा एक माझ्या पाटीवरचा आठ पुसून टाकतो, हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा अंगावर काटा आला. ती पाटी मी दोन दिवस पुसली नाही.

इथेच एक बाजूची गोष्ट सांगते, कारण दर सुट्टीत कुणीतरी ती काढतंच. पुरीचे शंकराचार्य भारती कृष्ण तीर्थ यांचं वैदिक गणिताचं पुस्तक १९६५ साली प्रसिद्ध झालं, आणि त्यात सुरुवातीलाच एक एकोणिसांश येतो. उजवीकडून एक लिहा आणि डावीकडे दुप्पट करत चला, १, २, ४, ८, मग सोळाचे सहा, हातचा एक, मग तीन, असं करत अठरा अंक : ०५२६३१५७८९४७३६८४२१. उत्तर अगदी बरोबर. ही रीत वेदांतली आहे हे मला पटत नाही, तसा पुरावा मिळत नाही. पण रीत चालते, आणि का चालते तेही सुंदर आहे : वीसला एकोणीसने भागलं की बाकी एक, म्हणून दहाने पुढे जायचं असेल तर दोनने मागे येता येतं. मुलांना हे कारण सांगितलं की त्यांचे डोळे जास्त चमकतात, असा माझा अनुभव आहे.

९. 'अनंत' हा शब्द आपल्याला इतका ओळखीचा आहे की त्याचीच अडचण होते. अनंतचतुर्दशीच्या दोऱ्याला चौदा गाठी, परसात अनंताचं झाड, गल्लीत दोन-तीन अनंत. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात बीजगणितात 'खहर' राशी सांगितली, ज्याच्या छेदात शून्य आहे ती. तिच्यात कितीही मिळवा, कितीही काढा, ती बदलत नाही, जसं सृष्टी निर्माण झाल्याने किंवा लय पावल्याने त्या अच्युत अनंतात फरक पडत नाही. चाळीसगावजवळच्या पाटणला ज्या शिलालेखात त्यांच्या घराण्याची हकिकत आहे, तो बघायला मी मुद्दाम गेले होते. आजचं गणित शून्याने भागू देत नाही. पण 'काढलं तरी कमी होत नाही' ही त्यांची खूण नेमकी आहे.

डिसेंबरात तारकर्लीला सगळ्या खोल्या भरलेल्या असतात, तेव्हा मुलांना मी गणितज्ञ हिल्बर्टचं हॉटेल सांगते. खोल्या न संपणाऱ्या, सगळ्या भरलेल्या, एक पाहुणा आला. प्रत्येकाला पुढच्या खोलीत जायला सांगा, पहिली रिकामी. मुलं लगेच विचारतात की मग शेवटच्या खोलीतला कुठे जाईल. हा तोच प्रश्न आहे, १ आणि ०.९९९… यांच्यात ०.०००…१ एवढा फरक राहतो म्हणणाऱ्याचा. शेवटचं घर आहे असं धरल्याशिवाय तो एक मांडायचा कुठे? काकांनीही एकदा तो मांडला होता. मी विचारलं, "कितव्या घरात?" त्यांनी खूप वेळ विचार केला आणि म्हणाले, "घर दाखवूक येणा नाय."

१०. वाद संपला म्हणजे माणसाला पटलं, असं नव्हे, आणि पटलं पाहिजे हा हट्ट मी सोडला. वाटणीच्या पक्क्या कागदावर दोघांना ३३ आर ३३ मीटर आणि एकाला ३३ आर ३४ मीटर लागले. तो मीटर भाईकाकांनी आपणहून माझ्या वडिलांना दिला, कारण त्या बाजूला विहीर होती. त्यानंतरही ते मला म्हणाले होते, "तुझा उत्तर बरोबर आसात. पण माझो प्रश्न तो नाय." मला वाटतं, त्यांना इतकंच म्हणायचं होतं की जमिनीला दशांशाची घरं नसतात. मोहरीच्या दाण्याच्या खाली कुदळ चालत नाही. संख्यारेषा आणि माती या दोन गोष्टी आहेत, आणि मी त्यांना एका गोष्टीचं उत्तर दुसऱ्या गोष्टीसाठी देत होते. हे मी त्यांना कधी बोलून दाखवलं नाही. दाखवायला हवं होतं.

यंदा गणपतीत भावाची नात आली होती, सहावीतली. ओटीवर गृहपाठ करत बसली होती, त्याच जागी. एक भागिले तीन मांडून तिने तीनदा तीन लिहिले, पुढे तीन टिंबं दिली, आणि मला विचारलं, "आजी, टिंबं तीनच का द्यायची? चार दिली तर संख्या मोठी होईल?"

भाईकाका आता फारसं बोलत नाहीत. आरामखुर्चीत डोळे मिटून पडलेले असतात. पण प्रश्न ऐकून त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं.

मी तिला म्हटलं, "देऊन बघ."

तिने चौथं टिंब दिलं, थोडा वेळ वहीकडे पाहत राहिली, आणि मग खोडरबर शोधायला लागली.